वाचक विचारतात : आहाराचे आकडे आणि सरकारी निर्णय

मागच्या वेळी या सदरात लिहिलं होतं की आहाराचा सर्वे करण्याआधी त्यातून कोणता निर्णय घ्यायचाय ते ठरवा, नाहीतर आकड्यांचे ढीग पडतात आणि कामाचा त्यातला एकही निघत नाही. त्यावर बरेच प्रश्न आले, काही रागावलेले पण आहेत, तेही घेतलेत. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे कोणाचा शब्दन् शब्द आला नसेल तर समजून घ्या.

प्रश्न : ताई, मला काल रात्री काय जेवलो ते आज धड आठवत नाही. आणि सरकारं म्हणे लोकांना "काल काय खाल्लंत" असं विचारून धोरणं ठरवतात. हसू येतं हो. – एक निवृत्त अकाउंटंट

येणारच, आणि तुम्हाला तर जास्तच, तुमच्याकडं पावतीशिवाय एंट्री होत नाही! पण ही मुलाखत वाटते तितकी भाबडी नसते. नीट ट्रेनिंग झालेला माणूस आधी फक्त पटापट यादी घेतो, मग विसरायला सोप्या गोष्टी खोदून विचारतो म्हणजे पेयं, गोड काही, उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं, मग कधी आणि कुठं खाल्लं, मग किती, त्यासाठी भांड्यांचे फोटो वगैरे दाखवतात, आणि शेवटी सगळी यादी परत वाचून दाखवून विचारायचं की अजून काही राहिलं का. या शेवटच्या प्रश्नाला लोकांना खरंच काहीतरी आठवतं.

तरीही लोक कमी सांगतात. हे मी मनानं म्हणत नाहीये, ते तपासायची एक पद्धत आहे, डबली लेबल्ड वॉटर. माणसाला असं पाणी प्यायला देतात ज्यातला थोडा हायड्रोजन आणि ऑक्सिजन जरा जड प्रकारचा असतो, पुढचे आठ-पंधरा दिवस लघवीचे नमुने घ्यायचे, आणि ते दोन्ही शरीरातून किती वेगानं बाहेर पडतात यातल्या फरकावरून कळतं की शरीरानं ऊर्जा किती खर्च केली. वजन स्थिर असेल तर जेवढा खर्च तेवढंच खाणं, मग ते सांगितलेल्या खाण्याशी ताडून बघितलं की तूट दिसते. आणि वैताग असा की ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात ही तूट जास्त असते. चूक सगळीकडं सारखी असती तर एकदाच दुरुस्ती करून भागलं असतं, पण ज्यांच्याबद्दल माहिती हवी त्यांच्याच बाबतीत ती मोठी.

मग उपयोग काय? तर कशासाठी विचारताय त्यावर आहे. लोक एकूण ऊर्जा किती खातात हे कळायला रिकॉल, म्हणजे ही "काल काय खाल्लंत" मुलाखत, वापरूच नये, त्यासाठी वजन-उंची मोजावी, वजनकाट्याला लाज वाटत नाही. मिठासाठी लघवी तपासावी, 24 तासांची सगळी, कारण खाल्लेल्या सोडियमपैकी साधारण 90 टक्के तिथूनच बाहेर पडतं. ब्रिटनमध्ये असं केलंय, लोकांनी खरंच दिवसभराची सगळी लघवी गोळा केली का हे तपासायला पाबा नावाच्या गोळ्या पण दिल्या, त्या जवळजवळ पूर्ण लघवीत उतरतात, म्हणजे बाटलीत पाबा कमी आलं की समजायचं एखादी फेरी बाटलीबाहेर गेली. तर त्यांचं सरासरी मीठ दिवसाला 9.5 ग्रॅमवरून 2011 पर्यंत 8.1 वर आलं.

पण लघवी हे सांगत नाही की मीठ आलं कुठून, आणि निर्णय तर तिथंच अडतो. ब्रिटनमध्ये जवळपास तीन चतुर्थांश मीठ तयार पदार्थांतून पोटात जातं, म्हणून तिथं कंपन्यांना एकेका पदार्थाचं टार्गेट देण्यात अर्थ होता. ग्रामीण चीनमध्ये उलटं, मीठ घरच्या स्वयंपाकातलं, तिथं कंपन्यांना टार्गेट देऊन काय होणार? तिथं 600 गावांतल्या 20,995 लोकांवर चाचणी झाली, आधी स्ट्रोक झालेले किंवा साठीच्या पुढचे बीपीवाले, त्यातल्या अर्ध्या गावांना नेहमीच्या मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराईड मिसळलेलं, म्हणजे सोडियम कमी असलेलं मीठ दिलं, 2021 मध्ये निकाल आला, स्ट्रोकचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी. प्रश्न एकच, जास्त मीठ, पण उपाय दोन टोकांचे. आणि मीठ येतं कुठून हे कळायला शेवटी लोकांना "काल काय खाल्लंत" हेच विचारावं लागतं.

प्रश्न : मॅम, आमच्या प्रोजेक्टमध्ये एका दिवसाच्या रिकॉलवरून अर्ध्याहून जास्त मुलींमध्ये एक जीवनसत्त्व आरडीएपेक्षा कमी आलंय. कन्क्लूजनमध्ये "अर्ध्याहून जास्त मुलींमध्ये कमतरता" असं लिहिलं तर चालेल ना? सर म्हणतात लिही. – पोषणशास्त्राची विद्यार्थिनी

लिहू नकोस. सरांना हा अंक दाखव.

आरडीए म्हणजे काय ते आधी बघ. माणसागणिक गरज वेगळी असते, कोणाची कमी कोणाची जास्त, त्या सगळ्यांची मधली गरज म्हणजे ईएआर. आरडीए मुद्दाम त्याच्या वर ठेवतात, दोन एसडी वर (एसडी म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), म्हणजे 97-98 टक्के निरोगी लोकांची गरज त्यात भागावी. दाराची चौकट घरातल्या उंच माणसाचं डोकं आपटू नये एवढी उंच ठेवतात तसं. आता चौकटीपेक्षा ज्यांची उंची कमी ते सगळे बुटके असं म्हणता येईल का? आरडीएपेक्षा कमी खाणाऱ्या बऱ्याच जणींची स्वतःची गरज तेवढ्यात भागत असते. गटात किती जणींना कमी पडतंय याचा अंदाज घ्यायचा असेल तर ईएआरपेक्षा कमी खाणाऱ्या मोज, बहुतेक पोषकद्रव्यांना हे चालतं. लोह मात्र वेगळं, पाळी येणाऱ्या मुलींमध्ये लोहाची गरज एका बाजूला लांब पसरलेली असते, तिथं हा शॉर्टकट फसतो आणि प्रॉबॅबिलिटीची मोठी पद्धत वापरावी लागते. ऊर्जेला तर चालतच नाही, कारण ज्याची गरज जास्त तो खातोही जास्त.

दुसरं भोक याहून मोठं आहे. तुझ्याकडं एकच दिवस आहे. एकाच मुलीचं खाणं सोमवारी एक आणि गुरुवारी एक, काही जीवनसत्त्वं तर अशी की एक दिवस भरपूर आणि मग चार दिवस जवळजवळ नाही. एका दिवसाचे आकडे काढलेस की वितरण दोन्ही टोकांना फुगतं, खऱ्यापेक्षा जास्त मुली एकदम कमी दिसतात आणि जास्त मुली एकदम भरपूर खाणाऱ्या पण दिसतात. सरासरी बरोबर येते बरं का, टक्केवारी चुकते. उपाय फार महाग नाही, सगळ्यांना दोनदा विचारायची गरज नाही, थोड्या मुलींना वेगळ्या वारी परत विचार, त्यावरून एकीच्या दिवसादिवसातला फरक किती आणि मुलीमुलींमधला किती हे वेगळं काढता येतं, मग वितरण आकसून घेता येतं.

आणि हे सगळं नीट केलंस तरी "कमतरता" लिहू नकोस, "अपुरं सेवन" लिही. कमतरता रक्तात बघायची असते. उद्या कोणीतरी तुझा रिपोर्ट उचलून गोळ्या वाटायची शिफारस करेल, आणि गोळी लागते का हे या आकड्यावरून ठरत नाही.

प्रश्न : फोनवरच्या डाएट अ‍ॅपमध्ये लाखो लोक रोजचं खाणं भरतात. सरकार तोच डेटा का नाही घेत? फुकटात काम होईल. – आयटीवाला

कारण अ‍ॅप कोण वापरतं? ज्याला खाण्याची काळजी आहे, फोन आहे, वेळ आहे, आणि बऱ्याचदा ज्यानं कालपासून डाएट चालू केलंय तो. लहान मुलं नाहीत, म्हातारे जवळजवळ नाहीत, ज्याला दोन वेळचं मिळत नाही तो तर नाहीच. दहा हजारांचं नीट निवडलेलं सॅम्पल अशा एक कोटीपेक्षा बरं, कारण आकडा मोठा झाला म्हणून एका बाजूला झुकलेपण जात नाही, उलट चुकीच्या उत्तरावरचा विश्वास वाढतो. अ‍ॅपचा डेटा दुसऱ्या कामाला चांगला आहे, बाजारात नवीन पॅकेटबंद पदार्थ कोणते आले आणि त्यात काय आहे ते लवकर कळतं, अन्नघटकांचे तक्ते त्या मानानं कायम मागं असतात.

प्रश्न : मी लहान मुलांची उंची-वजनं घेण्याचं काम करते. दर महिन्याला आकडे वर पाठवतो. वरून फक्त "टार्गेट पूर्ण करा" येतं. या आकड्यांचं पुढं कोण काय करतं? की नुसतेच पडून राहतात? – आरोग्य कार्यकर्ती

तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला, आणि सगळ्यात मोठं उत्तर पण तुम्हालाच.

तुमच्या आकड्यांवरून झेड-स्कोअर निघतो, म्हणजे हे मूल त्याच वयाच्या आणि त्याच लिंगाच्या निरोगी मुलांच्या मानानं किती एसडी वर किंवा खाली आहे. तुलनेसाठीचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेनं 2006 मध्ये काढलं, त्यासाठी 1997 ते 2003 मध्ये ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली सुमारे 8,500 मुलं मोजली, सगळी चांगल्या परिस्थितीत वाढणारी. त्यात दिसलं की परिस्थिती चांगली असेल तर पहिल्या पाच वर्षांत या सहाही ठिकाणची मुलं जवळजवळ सारखीच उंच होतात, म्हणून "आमच्याकडची मुलं बुटकीच असतात" ही सबब तिथंच संपली. उणे दोनच्या खाली उंची गेली की त्याला खुंटलेली वाढ म्हणतात. पण पूर्ण निरोगी मुलांच्या गटातही दोन-अडीच टक्के मुलं उणे दोनच्या खाली असणारच, गणितानंच, म्हणून एका मुलाचा एक आकडा म्हणजे निदान नव्हे आणि कोणी शून्य टक्क्याचं टार्गेट देत असेल तर त्यांना हे सांगा.

आता महत्त्वाचं. मोजताना जी बारीक चूक होते ती कधी जास्त कधी कमी असते, आपल्याला वाटतं बेरजेत कटेल. सरासरीत कटते. पण उणे दोनच्या खाली किती, या आकड्यात कटत नाही, कारण चुकांमुळं सगळं वितरण पसरतं आणि शेपटात जास्त मुलं जाऊन बसतात. म्हणजे ज्या भागात मोजमाप ढिसाळ तो भाग खऱ्यापेक्षा वाईट दिसतो, आणि पुढच्या वर्षी ट्रेनिंग सुधारलं तर एकही मूल न सुधारता "कुपोषण घटलं" अशी बातमी. म्हणून जाणकार माणूस टक्केवारी बघण्याआधी झेड-स्कोअरचा एसडी बघतो, एकच्या आसपास असेल तर ठीक, खूप वर गेला की आधी मोजणाऱ्यांशी बोलायचं.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. वय. सगळ्यात जास्त घोळ वयाचा. दोन वर्षांच्या आसपास मूल महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या जरा कमीच वाढतं आणि एक एसडी म्हणजे तिथं तीन सेंटिमीटर, म्हणजे 26 महिन्यांचं मूल आईनं "दोन वर्षांचा" सांगितलं आणि तुम्ही 24 लिहिलं तर मूल अर्ध्या एसडीनं उंच झालं, कागदावर. जन्मतारखेचा कागद नसेल तर सण, पाऊस, मोठ्या घटना असं कॅलेंडर करून महिना पक्का करायचा, कंटाळवाणं काम आहे पण यानं जितका फरक पडतो तितका महागड्या यंत्रानं पडत नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला झोपवून मोजायचं, त्यापुढं उभं करून, आणि उलटं केलं तर तसं लिहायचं, त्या दोन्हीत 0.7 सेंटिमीटरचा फरक धरतात. आणि मोजायला दोघं हवेत, एकजण पाय धरणार तर डोकं कोण धरणार? शेवटचा दशांश नेहमी शून्य किंवा पाच येत असेल तर वरचे लोक ओळखतात की अंदाजानं लिहिलंय, हे मी रागवायला नाही सांगत, एका दिवसात पन्नास रडणारी मुलं मोजायला दिली की कोणीही तसंच करेल, दोष त्या दिवसाच्या टार्गेटचा.

वर आकडे पडून राहतात का, तर पुष्कळ ठिकाणी राहतात, हो. माझं मत असं की जे आकडे तुमच्या गावात परत येत नाहीत ते हळूहळू खोटे होत जातात, कारण ज्याचं कोणी काही करत नाही ते काळजीपूर्वक कोण करेल. तुम्ही मागा. "आमच्या भागाचा आलेख आम्हाला द्या" एवढंच लिहून पाठवा.

प्रश्न : आज एक गोष्ट चांगली, उद्या तीच वाईट. शास्त्रज्ञांचंच ठरत नाही तर सरकारनं कशावर विश्वास ठेवायचा? – एक वाचक, जरा वैतागून

वैताग बरोबर आहे पण तो थोडा बातम्यांवर काढा. गाजरा-भाज्यांतलं बीटा कॅरोटीन घ्या. ते जास्त खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसत होता, एकामागून एक अभ्यासात. मग फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, गोळी कोणाला द्यायची हे चिठ्ठी टाकून ठरवलं, आणि 1994 मध्ये निकाल आला की गोळी घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर 18 टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी 1996 मध्ये मधेच थांबवावी लागली. भाज्या खाणारा माणूस बाकीही दहा गोष्टी वेगळ्या करतो, आणि भाजी म्हणजे एक गोळी नव्हे. त्या आधीच्या आकड्यांवर कोणी सरसकट गोळ्या वाटल्या असत्या तर?

उलट बाजू पण ऐका. आल्फ्रेड सोमर हे डोळ्यांचे डॉक्टर इंडोनेशियात अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं येणाऱ्या अंधत्वावर काम करत होते, आधीच जमा झालेला डेटा चाळताना त्यांना दिसलं की रातांधळेपणा असलेली मुलं जास्त मरतायत, डोळ्यांचा आजार सौम्य असला तरी. कोणी मानेना. मग आचे भागात चाचणी केली, 1986 मध्ये निकाल, अ जीवनसत्त्व दिलेल्या गावांत मुलांचे मृत्यू 34 टक्के कमी. पुढं बाकी ठिकाणी पुन्हा चाचण्या झाल्या आणि मग कुठं ते जगभर धोरण झालं.

म्हणजे सर्वे शंका देतो, चाचणी उत्तर देते, असं ढोबळमानानं धरा. आणि उत्तर पण त्या जागेपुरतं. झांझिबारच्या पेंबा बेटावर, जिथं मलेरिया भरपूर, सगळ्या लहान मुलांना लोह आणि फोलिक अ‍ॅसिड देऊन बघितलं, तर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले, 2003 मध्ये लोहाचा भाग बंद करावा लागला. मुलं अ‍ॅनिमिक नव्हती असं नाही. पण अ‍ॅनिमियाचा आकडा म्हणजे लोह कमी असल्याचा आकडा नव्हे, मलेरिया, जंत, बाकी जीवनसत्त्वं, अनुवंशिक आजार सगळ्यांनी हिमोग्लोबिन पडतं. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन मोजलं तरी अंगात संसर्ग असेल तर ते खोटंच वर जातं, म्हणून त्याच रक्तात सूज दाखवणारं प्रोटीनही मोजून आकडा दुरुस्त करावा लागतो. एवढं सगळं "रक्त कमी, गोळी द्या" या वाक्यात गडप होतं.

प्रश्न : गोड पेयांवर टॅक्स लावतात, पाकिटावर काळे शिक्के मारतात. यानं खरंच फरक पडला हे कसं कळतं? लोक तसेही कमी पीत असतील. – एक वाचक

"तसेही कमी पीत असतील" हाच नेमका प्रश्न. मेक्सिकोनं जानेवारी 2014 पासून लिटरमागं एक पेसो कर लावला. तिथं आधीच्या वर्षांची घराघरांतली खरेदी नोंदलेली होती, मग कर नसता तर खरेदी कशी चालली असती ती रेघ पुढं ओढली आणि खरी खरेदी तिच्याशी ताडली, पहिल्या वर्षी 5.5 टक्के कमी, दुसऱ्या वर्षी 9.7. आधीचा डेटा नसता तर ही रेघ ओढताच आली नसती, म्हणून कायदा यायच्या दोन-तीन वर्षं आधी मोजायला सुरुवात करावी लागते आणि हे राजकारण्यांना पटवणं कर्मकठीण.

आणि काय मोजताय त्यावरही आहे. ब्रिटनचा कर पेयात साखर किती त्यावर आहे, 100 मिलिलिटरमागं 5 ग्रॅमला एक पट्टी, 8 ग्रॅमला दुसरी. 2016 मध्ये जाहीर केला, 2018 मध्ये लागू, मधल्या दोन वर्षांत कंपन्यांनी पट्टीखाली यायला साखरच कमी केली. वर्षभरानं बघितलं तर लोक पेयं तेवढीच विकत घेत होते पण त्यातून घरात येणारी साखर घटली होती. फक्त लिटर मोजले असते तर कर फेल गेला असं छापून आलं असतं! चिलीमध्ये 2016 ला काळे अष्टकोनी शिक्के, मुलांसाठीच्या जाहिरातींवर बंदी आणि शाळांत विक्रीबंदी सगळं एकदम आलं, गोड पेयांची खरेदी सुमारे 24 टक्क्यांनी उतरली, पण त्यात शिक्क्याचा वाटा किती हे वेगळं काढता येत नाही. धोरण म्हणून ते उत्तम, फक्त दुसऱ्या देशानं एकटा शिक्का उचलला तर तेवढ्याच फरकाची अपेक्षा ठेवू नये.

प्रश्न : मिठात आयोडीन, पिठात फोलिक अ‍ॅसिड. ज्याला गरज नाही त्यालाही का? सगळ्यांना एकच औषध हे मला पटत नाही. – एक वाचक

न पटायला जागा आहे, पण कारण ऐका. गर्भातल्या बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते, तेव्हा अनेक बायकांना दिवस गेलेत हेच माहीत नसतं. आधीपासून फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर, आधी ही नळी नीट न मिटल्याचा दोष असलेलं मूल झालेल्या बायकांमध्ये, पुन्हा तसं होणं 72 टक्के टळतं हे ब्रिटनमधून चाललेल्या चाचणीत 1991 ला कळलं. गोळी घ्या सांगून वेळेत पोचत नाही म्हणून पीठ. अमेरिकेनं 1998 पासून सक्ती केली, 100 ग्रॅमला 140 मायक्रोग्रॅम. पण नंतरच्या आकड्यांत दिसलं की हिस्पॅनिक मातांच्या बाळांत हे दोष अजूनही जास्त, कारण सक्ती ज्या धान्यपदार्थांना होती त्यात त्यांच्या खाण्यातलं मक्याचं पीठ नव्हतं, त्यात फोलिक अ‍ॅसिड घालायला परवानगी मिळाली 2016 मध्ये. अठरा वर्षं. देशाची सरासरी छानच दिसत होती. आणि ज्या ब्रिटननं चाचणी केली त्यांनी सक्तीचा निर्णय जाहीर केला 2021 ला, तीस वर्षांनी, म्हातार्‍यांमध्ये बी-12 ची कमतरता झाकली जाईल का वगैरे वाद घालत. शंका चुकीच्या नव्हत्या, पण वाट बघण्याचीही किंमत असते आणि ती कुठल्या रिपोर्टात येत नाही.

तुमच्या शंकेला खरं उत्तर फिनलंडचं. तिथल्या जमिनीत सेलेनियम, शरीराला अगदी थोडं लागणारं एक खनिज, कमी, त्यांनी 1984 पासून ते खतातच घातलं, धान्याच्या खताला किलोमागं 16 मिलिग्रॅम. मग पीक, दूध, मांस, माणसांचं रक्त सगळं मोजत राहिले. हवं त्यापेक्षा जास्त झालं तसं 1990 मध्ये 6 वर आणलं, फार उतरलं तेव्हा 1998 ला 10 केलं, 2007 ला 15. सगळ्यांना द्यायचं असेल तर असं द्यायचं, हात कायम नळावर ठेवून. जो देश मिसळायचा कायदा करतो आणि मोजायला पैसे ठेवत नाही त्याच्याबद्दल तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य.

प्रश्न : या सर्वेंवर जेवढा पैसा जातो तेवढ्यात किती मुलांना खाऊ घालता येईल? उपाशी मूल समोर दिसत असताना तुम्हाला टक्केवारी कशाला हवी? – एक संतापलेले वाचक

समोर दिसत असेल तर खाऊ घाला, टक्केवारीची वाट बघू नका, यात आपलं भांडण नाहीच. सोमालियात 2011 च्या जुलैमध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला. त्याचे निकष कडक असतात, पाचातल्या एका घरात अन्नाची टोकाची टंचाई, 30 टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि रोज दहा हजारांत दोन मृत्यू. नंतरच्या अंदाजानुसार त्या संकटात सुमारे 2,58,000 जादा माणसं मेली आणि त्यातली निम्म्याच्या आसपास जाहीर होण्याआधीच. मृत्यू मोजून झाल्यावर मदत पाठवणं हा निर्णयच चुकीचा, पावसाचे, धान्याच्या भावांचे, मुलांच्या दंडाच्या घेराचे आकडे कितीतरी आधी बोलत होते. म्हणजे डेटा नव्हता असं नाही, कोणत्या डेटावर हलायचं ते आधी ठरवलेलं नव्हतं.

पण मोजणं म्हणजे उधळपट्टी हे काही मान्य नाही. जपाननं पहिला पोषण सर्वे 1945 च्या डिसेंबरमध्ये टोकियोत केला, युद्धात सगळं बेचिराख झालेलं असताना, आणीबाणीची अन्नमदत मिळवायला आकडे हवे होते म्हणून. आणि अमेरिकेच्या पोषण सर्वेत 1976 ते 1980 च्या फेरीत रक्तातलं शिसंही मोजलं होतं, चार वर्षांत ते 37 टक्क्यांनी उतरलेलं दिसलं, आणि ती उतरण पेट्रोलमधलं शिसं कमी होण्याच्या बरोबरीनं चाललेली. पेट्रोलमधून शिसं हद्दपार करण्याच्या नियमांना या आकड्यांनी मोठं बळ दिलं. आहाराचा सर्वे होता, उपयोग पेट्रोलला झाला, त्या एका निर्णयात पुढच्या कितीतरी सर्वेंचा खर्च निघाला असेल.

प्रश्न : बातमीत वाचलं की एका देशात माणशी रोज 3,500 च्या वर कॅलरी खातात. एवढं कोण खातं? – शाळकरी वाचक, इयत्ता नववी

कोणीच नाही! हा आकडा बहुतेक अन्न ताळेबंदातला असतो. देशात किती पिकलं, त्यात आयात मिळवायची, निर्यात, बियाणं, जनावरांना घातलेलं वजा करायचं, उरलेलं लोकसंख्येनं भागायचं. दुकानात पोचल्यावर जे सडलं, हॉटेलात टाकलं, घरी फेकलं ते सगळं त्यात खाल्लेलंच धरलं जातं, आणि तान्हं बाळ आणि पैलवान दोघांना सारखा वाटा. देशात धान्य पुरेसं आहे का हे बघायला तो चांगला आहे. कोण किती खातं यासाठी नाही. बातमी देणाऱ्यानं "उपलब्ध" असं लिहायला हवं होतं, तू त्यांना पत्र पाठव.